एक जूनची माणसं

मे संपत आला की आमच्या कॉलनीत शालींचा सुकाळ होतो. कुणाचा भाऊ, कुणाचा व्याही, कुणाची नणंद एकतीस मेला निवृत्त होते आणि घरात एक शाल, एक नारळ आणि काचेच्या चौकटीतलं एक मानपत्र येऊन पडतं. आमच्या मराठवाड्यात सरकारी नोकरीतली निम्मी माणसं एकाच दिवशी घरी बसतात, कारण कागदावर ती एकाच दिवशी जन्मलेली असतात, एक जूनला. यंदा मी असल्या दोन समारंभांना जाऊन आलो. दोन्हीकडे भाषणात कर्तव्यदक्ष हा शब्द आला आणि दोन्हीकडे पाण्याच्या बाटल्या मोजून वाटल्या.

एक जूनची गोष्ट आमच्याकडे कुणाला नवी नाही. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर आईबापाला जन्मतारीख विचारायच्या भानगडीत पडत नसत. पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला, की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून तारीख एक जून. हात पोचला नाही तर पोर पुन्हा वर्षभर उंडारायला मोकळं.

माझंही तसंच झालं. माझे वडील बिलोलीकडचे. छप्पन्नच्या दसऱ्याला दीक्षेला नागपूरला गेले होते आणि परत आले तेव्हा घरात मी होतो, त्यामुळे माझा जन्म कधीचा याबद्दल आमच्या घरात कधी दुमत झालं नाही. मास्तरांनी मात्र मला दीक्षेच्या चार-साडेचार महिने आधीच जन्माला घातलं. वडिलांनी दसऱ्याचा दाखला दिला. मास्तर म्हणाले, ‘सुट्टीत कुनी जन्मतं का?’ विषय तिथंच मिटला आणि नोकरीअखेर माझाही नारळ एकतीस मेलाच हातात पडला.

यंदा पुन्हा टँकर दिसायला लागलेत. टँकर गल्लीत वळला की त्याच्या मागच्या नळातून गळणाऱ्या पाण्याची एक ओली रेघ धुळीत उमटत जाते आणि तिचा वास क्षणभर येतो. पावसाच्या मातीचा वास नव्हे तो. त्यात डिझेल असतं, गंजलेलं लोखंड असतं. तो आला की मला लातूरचा एकच उन्हाळा आठवतो.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. एका खात्याचं दफ्तर तर कुणाच्या तरी बंद पडलेल्या डाळ मिलमध्ये होतं आणि तिथली फाईल झटकली की तुरीचा कोंडा उडायचा. जुन्या छापील कागदांवरचं उस्मानाबाद खोडून वर शाईने लातूर लिहायची पद्धत होती. मी नांदेडहून बदलून आलो होतो, जिल्हा परिषदेत सांख्यिकी सहायक म्हणून. दुष्काळात सांख्यिकीवाल्याला मरणाचं काम असतं. किती गावांना टँकर, किती विहिरी आटल्या, छावणीत किती जनावरं, हे रोज वर कळवायचं. मला अंदाजाने लिहिलेला आकडा सहन होत नाही, हा माझा जुना रोग आहे. सुमारे हा शब्द दिसला की मी कागद परत पाठवायचो. त्यामुळे तालुक्यांत माझ्याविषयी फारसं चांगलं बोललं जात नसे.

आप्पांना माझ्या ह्याच रोगाची गरज होती. आप्पा म्हणजे मार्केट यार्डातले आडते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा नेहरू शर्ट, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शंभर मीटर पळायची हौस. जिल्हा नवा, तर कलेक्टर नवा, कोर्ट नवं, मग प्रौढांची मैदानी संघटनाही नवी पाहिजे, असं म्हणून त्यांनी ती काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. एके दिवशी ते आमच्या कचेरीत आले आणि टेबलावर हात टेकून म्हणाले, ‘साहेब, तुमी आकड्यातले मानूस. जिल्ह्याचे उच्चांक तुमी ठिवायचे.’

मी म्हणालो, ‘आप्पा, मी आधीच टँकरचं काम करून राहिलो.’

‘करून राहिलो,’ आप्पा हसले. ‘हे तुमचं नांदेडचं लई ग्वाड हाय बगा. टँकर जातील. उच्चांक ऱ्हातील. फकस्त एक करा, उस्मानाबादवाल्यांनी बोट दाखवाय नगं.’

भीती उस्मानाबादची होती, कारण आजवरचे सगळे उच्चांक त्यांच्याकडे राहिले होते. जमीन वाटली गेली, तालुके वाटले गेले, पण धावलेलं अंतर कसं वाटणार? आमची यादी कोरी होती. पहिल्या वर्षी जो मैदानात उतरला तो जिल्ह्याचा उच्चांकवीर झाला. साठीच्या गटात गोळाफेकीला एकच गृहस्थ आले होते. त्यांच्या हातातून गोळा निसटला आणि त्यांच्याच बुटाजवळ पडला. तोही उच्चांकच. मी टेप लावून तो सेंटिमीटरसकट लिहिला. ते गृहस्थ पुढं दोन वर्षं लग्नपत्रिकेवर स्वतःच्या नावामागे उच्चांकवीर छापत होते.

ह्या खेळात गट असतात. पस्तिशीच्या पुढं पाच-पाच वर्षांचा एक गट. चाळीस ते चव्वेचाळीस, पंचेचाळीस ते एकोणपन्नास, असं वर जात राहायचं. माणूस आपल्या गटातल्यांशीच धावतो. त्यामुळे इथं एक उलटी गोष्ट घडते. बाहेर जगात पन्नाशी आली की माणूस आरशासमोर उभं राहायचं टाळतो, इथं मात्र पन्नाशीची वाट पाहतात. एकोणपन्नासचा माणूस आपल्या गटात सगळ्यांत म्हातारा असतो आणि पन्नासचा झाला की नव्या गटात सगळ्यांत तरणा. उच्चांक करायचं वर्ष ते, गटातलं पहिलं. मी अशी माणसं पाहिलीत, की जी वाढदिवसाच्या आधी सहा महिने गुडघ्यांना तेल चोळून, स्पर्धा टाळून, घरात दडून बसतात. म्हातारपणाची इतकी आतुरता मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही, आणि पाहताना मला तिचं हसू येत असलं तरी हेवाही वाटायचा.

साहजिकच इथं सगळं वयावर चालतं. टेप अचूक हवी, घड्याळ अचूक हवं, पण वय चुकलं तर बाकीच्या अचूकपणाला काही अर्थ नाही. आणि वय तर आमच्याकडं मास्तरांनी कान धरून ठरवलेलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही जी चूक केली ती दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती. मैदान शाळेचं होतं आणि ते सुट्टीतच मिळायचं. आधी तिथं टँकर भरायची जागा होती, ती हलली तेव्हा मेचा शेवट आला. आप्पांनी घाईने तारखा लावल्या, एकतीस मे आणि एक जून. मी त्या तारखा स्वतःच्या हाताने पत्रकावर लिहिल्या, आणि मलाही काही खटकलं नाही.

पहिला दिवस बरा गेला. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं, मागायची लाजच वाटली असती. फक्कीने आखलेल्या रेघा सकाळच्या वावटळीत उडून जायच्या आणि आम्ही पुन्हा आखायचो. पळणाऱ्यांच्या घामावर ती पांढरी भुकटी बसायची. कडेच्या लिंबाखाली निंबोण्यांचा सडा पडलेला, त्यावर बसून लोक आपापल्या पिंडऱ्या दाबत होते. घरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर प्रत्येकाने आपलं नाव लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधराशे मीटर झाली. ती संपते न संपते तोच एक शिक्षक माझ्या टेबलाशी आले. हातात शाळेचा दाखला. ‘साहेब, काल मी पंचेचाळीसच्या गटात पळालो.’

‘हो. तिसरे आलात.’

‘आज माझा वाढदिवस हाय. आज मला पन्नास झाली.’

मी त्यांना शुभेच्छा दिल्या. त्यांच्यामागे आणखी एक जण उभा होता, त्याचाही वाढदिवस. मग मी मान वर करून रांगेकडं पाहिलं आणि नियमांचा कागद पुढं ओढला. वरून आलेल्या सायक्लोस्टाईल नियमात स्पष्ट लिहिलं होतं, वय त्या-त्या दिवशीचं धरायचं. आणि आमच्या मैदानातले बहुतेक सगळे एक जूनचे.

आप्पा कपाळाला हात लावून उभे राहिले. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. ‘रातीतून समदा जिल्हाच एका वर्सानं म्हातारा झाला की ओ!’

तासभर गोंधळ झाला. जुन्या गटात दुसरा आलेला नव्या गटात पहिला, जुन्यातला पहिला नव्यात पाचवा. मी प्रत्येकाचा दाखला पाहून सकाळच्या शर्यतीचे गट बदलत होतो. त्या गोंधळात आमच्या लक्षात आलं की सकाळच्या पंधराशे मीटरमध्ये एक मोठी गोष्ट घडून गेली आहे. शेवंताबाईंनाही त्या सकाळी पन्नास पूर्ण झाली होती.

शेवंताबाई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होत्या. सगळं लातूर त्यांना सिस्टरच म्हणायचं, मीही. गाव रेणापूरकडचं. ड्यूटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून पळायच्या. पळताना तोंडाने काही बोलायच्या, काय ते कळायचं नाही. बाकीच्या दोघी बाया अर्ध्यावर थांबल्या आणि सिस्टर एकट्याच त्या उडालेल्या रेघांवरून फेऱ्या मारत राहिल्या. माझ्याकडं आणि क्रीडाशिक्षकांकडं एकेक घड्याळ होतं, दोन्ही जुळली. पन्नाशीच्या गटात नांदेडला एक अर्धापूरच्या बागायतदार बाई होत्या, केळीवाल्या. त्यांची वेळ साऱ्या मराठवाड्यात चांगली मानली जायची. सिस्टरची वेळ तिच्यापेक्षा चांगली होती.

आप्पांनी पेढे आणायला माणूस पाठवला. ‘उस्मानाबाद ऱ्हायलं बाजूला, नांदेडलाच पाडलं आपन! साहेब, तुमच्या गावाला पाडलं, राग नगा मानू.’

सिस्टर लिंबाखाली बूट काढून बसल्या होत्या. बोलावलं तेव्हा अनवाणीच टेबलाशी आल्या. मी त्यांना सांगितलं, की पन्नाशीच्या गटात हा उच्चांक होतो.

‘कुनाचा?’ त्यांनी विचारलं.

‘तुमचा. आज तुम्हाला पन्नास झाली ना?’

‘न्हाई झाली,’ त्या म्हणाल्या. ‘हुरड्याला व्हतील. अजून सात-आठ म्हैने हायत.’

आप्पा म्हणाले, ‘सिस्टर, कागदावर एक जून हाय का न्हाई?’

‘हाय.’

‘मग झालं तर. कागदावर हाय, तर हाय.’

त्यावर सिस्टरनी जे केलं ते मी विसरलेलो नाही. त्यांनी उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेला. बोटं कानावर थांबली नाहीत, थेट गालापर्यंत उतरली. त्यांचे हात विलक्षण लांब होते, आम्ही रोज पाहत होतो पण आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

‘माझा हात लांब व्हता जी,’ त्या म्हणाल्या. ‘निजामाचं राज, आमाला साळंत पडवीत बसवायचे, तरी आईनं नाव घालाय नेलं. आई मास्तरला म्हनली, पोरगी हुरड्यात जन्मली, अन् जन्मल्यावर पाच हुरडे खाल्ले तिनं. पाचच. मास्तरनं हात डोस्क्यावरनं घ्याय लावला. हात पोचला. म्हनला, बाई, तुला काय कळतंय, सा वर्सं झाली. आई येताना वाटंनं सारकी म्हनत व्हती, पाचच झाले, पाचच झाले.’

मी म्हणालो, ‘सिस्टर, नियमाप्रमाणे दाखल्यावरची तारीखच धरतात. आईच्या सांगण्यावर गट ठरवता येत नाही.’

‘मला म्हाईत हाय. मी पोरगं जन्मलं की आधी घड्याळाकडं बगते, मग नाळ कापते. लोक येतात, म्हनतात सिस्टर, तारीख जरा इकडची तिकडं करा, साळंला बरं पडंल. मी करत न्हाई. दुसऱ्याच्या लेकराचं मिनिट चुकू देत न्हाई अन् माझ्यावर मी आख्खं अर्धं वरीस कसं चढवू?’ त्यांनी टेबलावरच्या पत्रकावर बोट ठेवलं. ‘अन् तुमी ते लिवलं तर आई खोटी पडती ओ, भाऊ. मास्तरनं तिचं ऐकलं न्हाई. पेप्रात छापून आलं की मी पन्नासची, तर मंग मास्तरचंच खरं झालं की.’

आप्पांनी समजावून पाहिलं. जिल्ह्याचं नाव काढलं, उस्मानाबादचं काढलं, शेवटी पेढ्यांचंही काढलं. सिस्टर शांत होत्या. ‘आप्पा, पेढं खाते की. पळाले तर व्हतेच. पर लिवू नगा. मी आज पळलेच न्हाई म्हना.’

धावपटूला नाव मागं घेता येतं, एवढं तरी नियमात होतं. मी तो रकाना मोकळा सोडला. ती वेळ मला आजही पाठ आहे, पण ती इथंही लिहीत नाही, कारण त्यांनी लिहू नका म्हटलं होतं. पेढे सगळ्यांनी खाल्ले.

पाऊस त्या वर्षी पुन्हा हुलकावणी देऊन गेला. शाळू पेरला तो उगवलाच नाही नीट. हिवाळ्यात हुरड्याला कुणी कुणाला बोलावलं नाही. त्याच दिवसांत माझ्या बायकोला दवाखान्यात नेलं. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. फिनेलचा आणि उकळत्या पाण्याचा वास येत होता आणि बाया दवाखान्याच्या टाकीवर घागरी घेऊन भांडत होत्या. सिस्टर दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी आधी मला मिनिटासकट वेळ सांगितली, मग मुलगी झाल्याचं सांगितलं. जाता जाता वळून म्हणाल्या, ‘अन् भाऊ, माझी बी पन्नास झाली बरं का. यंदा हुरडा न्हाई, पर मी झाले.’

माझ्या आनंदात मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आमच्या घरात कागदावर खरी जन्मतारीख असलेली ती पहिली पोर.

पुढची स्पर्धा आप्पांनी जूनच्या पहिल्या रविवारी ठेवली, तीही एक तारखेनंतर. आजवर ती तशीच चालू आहे. का, ते आता फारसं कुणाला ठाऊक नाही. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. गढूळ पाणी पिऊन जुलाब-वांत्यांनी आलेल्या माणसांनी दवाखाना भरला होता आणि सिस्टर आपल्या वॉर्डातून तिकडंही जात होत्या. सराव नव्हता. गाल बसले होते. पंधराशे मीटरमध्ये त्या शेवटच्या फेरीत एकदा चालल्या, कमरेवर हात ठेवून, मग पुन्हा धावल्या. वेळ मागच्यापेक्षा बरीच वाईट आली. अर्धापूरच्या बाईंच्या जवळपासही नाही. टेबलाशी येऊन त्या म्हणाल्या, ‘लिवा आता.’

मी लिहिलं. जिल्हा उच्चांक, महिला, पन्नास ते चोपन्न. मग न राहवून विचारलं, ‘मागच्या वर्षीची वेळ किती चांगली होती, आठवतं ना?’

‘ती येगळी,’ त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायला गेल्या.

पुढं हे दर पाच वर्षांनी होत राहिलं. पंचावन्न, साठ, पासष्ट. कागदावर नवा गट लागला की बाकीचे आनंदाने पळायचे आणि सिस्टर ते पहिलं, सोन्यासारखं वर्ष कडेला लिंबाखाली बसून काढायच्या. टाळ्या वाजवायच्या, लोकांच्या पायांना मलम लावून द्यायच्या. हुरडा झाला की पुढच्या जूनला मैदानात. तोवर गुडघा आणखी एका वर्षाने जुना झालेला असायचा. त्यांच्या नावावर लागलेला प्रत्येक उच्चांक त्यांच्या खऱ्या ताकदीहून कमी आहे. मी माणसांपासून थोडं अंतर राखून असतो, नोंदी ठेवणाऱ्याने तसं असावं असं मला वाटतं. पण त्या एका नावासमोर लिहिताना मला दर वेळी वाईट वाटायचं. नियम माझ्या बाजूने होता, त्या मात्र त्यांच्या आईच्या बाजूने होत्या, आणि नियमात आईसाठी कुठं जागा नव्हती.

आप्पा मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की सिस्टरनी नांदेडला पाडायची संधी घालवली.

मग तो मोठा दुष्काळ आला, लातूरला रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा. त्याच एक जूनला मी कागदावर साठ पूर्ण करत होतो आणि सिस्टर ऐंशी. संघटनेचे नवे चिटणीस एका बँकेतले तरुण अधिकारी होते, हुशार आणि उत्साही. त्यांनी यादी काढून पाहिली, तर ऐंशीच्या पुढच्या महिलांचा रकाना जिल्ह्यात कोराच. शंभर मीटर चालत गेलं तरी उच्चांक. ते मला घेऊन सिस्टरच्या घरी गेले. छोटं घर, दारात निळं पिंप, त्यावर फळी, फळीवर दगड. सिस्टर लेकीसोबत राहायच्या. पाठ वाकली होती. हात तेवढे तसेच, गुडघ्यांच्या खाली लोंबणारे.

‘बाई, नुसतं चालायचंय,’ चिटणीस म्हणाले. ‘पेपरात फोटो येईल.’

‘पुढच्या साली,’ सिस्टर म्हणाल्या. ‘हुरड्याला ऐंशी व्हतील. मंग येते.’

चिटणीसांना काही उमगेना. मी त्यांना बाहेर पाठवलं आणि सिस्टरना स्पष्टच म्हणालो, ‘सिस्टर, ह्या वयात वर्ष म्हणजे लई झालं. पुढच्या जूनचं कुणी सांगावं? आता ह्या सात-आठ महिन्यांचं कोण विचारतंय?’

‘आई इचारंल की,’ त्या म्हणाल्या. आणि हसल्या. ‘तुमी कशाला एवढं मनाला लावून घेता? मोकळं ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या.’

परत येताना मी चिटणीसांना सांगितलं, की साठीच्या गटात चालण्याच्या शर्यतीला माझं नाव घातलंय ते काढा. त्यांनी गाडी हळू केली. ‘तुमचं का, सर? तुमची तर झाली ना साठ?’

‘दसऱ्याला होतील,’ मी म्हणालो.

त्या वर्षी पाऊस असा झाला की लोक धरण भरलेलं पाहायला सहकुटुंब गेले. शाळूची पेरणी झाली, रान हिरवं झालं. दसऱ्याला मला साठ झाली. फोन करून सिस्टरनी शुभेच्छा दिल्या. यंदा हुरडा चांगला येईल, असंही म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावर सकाळी चिटणीसांचाच फोन आला. सिस्टर रात्री झोपेत गेल्या होत्या. मी निघालो. रेणापूरच्या वाटेवर दोन्हीकडे ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती, हे मला दिसलं, आणि मला रडू आलं. गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ थांबलो.

त्यांना गावी नेलं होतं. चौकात विहाराच्या भिंतीला लागून निधनवार्तेचा काळा फळा आहे. त्यांचा एक पुतण्या खडूने त्यावर लिहीत होता. नाव, सेवानिवृत्त परिचारिका, अंत्यविधीची वेळ, आणि वय, ऐंशी वर्षे. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मग हाताने तो आकडा पुसला, त्याच्याकडून खडू घेतला आणि एकोणऐंशी लिहिलं.

पुतण्या म्हणाला, ‘सर, आधारवर ऐंशी हाय. पेन्शनच्या कागदावर बी.’

‘असू द्या,’ मी म्हणालो.

त्यांची लेक मागं उभी होती, रडून चेहरा सुजलेला. तिने फळ्याकडं पाहिलं. मग पुतण्याला म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे रे. बरोबर हाय ते.’